मोजणीसाहेबाची शिडी

नारायणराव गेल्याची बातमी मला गुलाबांच्या चौकटीत मिळाली. संध्याकाळी फोन वाजला म्हणून पाहिलं, तर निवृत्तांच्या ग्रुपवर एक चित्र आलेलं. चार कोपऱ्यांत चार गुलाब, खाली दोन समया, मधोमध फेटा बांधलेले नारायणराव आणि त्यांच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘थोर पर्यावरणप्रेमी व प्राणिमित्र’. पहिल्या क्षणी वाटलं, यांचा परत कुठेतरी सत्कार ठरला आणि बिचारे फोन बंद करून घरात बसले असतील. समया नीट पाहिल्यावर उलगडा झाला. दुपारी जेवून आडवे झाले ते चहाला उठले नाहीत... शकुंतलावहिनींनी एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, मग हात लावून पाहिला. एवढंच. परभणीतल्या स्वतःच्या घरी, पोटभर जेवून, कुणाला दवाखान्याच्या पायऱ्या चढायला न लावता. त्यांनाच विचारलं असतं तर म्हणाले असते, ‘तक्रारीला जागा नाही.’

नंतर शोकसभा झाली. एका वक्त्यानं त्यांच्या नावानं चौक सुचवला, दुसऱ्यानं पुरस्कार, आणि तिसऱ्यानं हरणाला पाणी पाजणारा पुतळा. नारायणरावांनी आयुष्यात एकाही हरणाला पाणी पाजलेलं नव्हतं. पाण्यात पडलेल्याला बाहेर येता यावं ही त्यांची खटपट होती, म्हणजे नेमकं उलटं. ‘प्राणिमित्र’ हा शब्द तर त्यांना अजिबात सोसत नसे. ‘मित्र कसला? त्यांची माझी ओळखसुद्धा नाही,’ असं ते म्हणत. सभा दीड तास चालली, हारांचा वास सुटला, पंखे गरगरले, आणि एक प्रश्न कुणी विचारला नाही. खरं तर तेवढा एकच प्रश्न शिल्लक होता. आता शिड्यांचं काय?

नारायणराव सरकारी मोजणीदार होते. दोन शेतांमधला धुरा कुठून जातो हे ठरवायला ज्या माणसाला बोलावतात आणि ठरवल्यावर ज्याला निदान एका बाजूनं शिव्या मिळतात, तो माणूस. तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातली शेतं मोजली. आधी मोजणीचं टेबल आणि साखळी घेऊन, मग यंत्रं घेऊन. गावात त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. ते ‘मोजणीसाहेब’. रविवारी मात्र तेच साहेब जुन्या दुचाकीच्या मागच्या सीटवर अंथरुणाच्या वळकटीसारखं काहीतरी बांधून निघत. ती शिडी असे. दोन लांब दोर, त्यांत वितीच्या अंतरानं बसवलेल्या बांबूच्या काड्या, काड्यांना गुंडाळलेलं गोणपाट, आणि खालच्या टोकाला दोन बंद डब्यांवर बांधलेली एक फळी, पाण्यावर तरंगणारी. आमच्याकडे शेतातल्या विहिरीला कठडा असतोच असं नाही. मुंगूस, रानमांजर, घोरपड, कुत्रं, खोकड, जे अंधारात चुकलं ते आत. नखांनी चढता येणारी जनावरं शिडीनं वर येत. ज्यांना येत नसे ती फळीवर बसून राहत, सकाळी शेतकरी मोटर लावायला येईपर्यंत. मग त्यानं टोपली सोडायची. डबे हॉटेलातल्या खाण्याच्या तेलाचे असत. फवारणीच्या औषधाचे डबे गावोगाव फुकट पडलेले. पण विहिरीचं पाणी माणसंही पितात, म्हणून ते त्यांना हात लावत नसत.

आमची ओळखही शिडीपायीच झाली. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. एक दिवस एक सावळे, अंगानं किरकोळ गृहस्थ समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘दोराच्या गाठी कशा मारायच्या त्याचं पुस्तक आहे का?’ वीस वर्षांच्या नोकरीत असं पुस्तक मागणारे ते पहिलेच. शोधून शोधून स्काउटच्या मुलांसाठीचं एक जुनं पुस्तक निघालं. ते त्यांनी नेलं, मुदतीच्या आत परत आणलं, परत नेलं. अशा सात खेपा झाल्यावर मी विचारलं, ‘हे करता काय तुम्ही?’ ‘रविवारी रिकामे असाल तर चला,’ ते म्हणाले. मी रिकामाच होतो. पुस्तकं वाचणारा माणूस रविवारी रिकामा असतो असं इतरांना वाटतं, आणि ते बरोबरच असतं.

हे सगळं त्यांनी कशापायी सुरू केलं, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. चारठाण्याच्या जुन्या बारवेच्या पायरीवर आम्ही दशम्या सोडून बसलो होतो. कुठल्याशा गावी मोजणी होती. दोन शेजाऱ्यांत हातभर जमिनीचा वाद. सकाळी टेबल लावलं तेव्हापासून जवळच्या विहिरीतून पाणी हलल्याचा आवाज येत होता, मधूनच बारीक कण्हणं. सगळ्यांनी ऐकलं. पण दोन्ही बाजूंचे लोक टेबलाभोवती खिळलेले. आपण वळलो तर साहेब रेघ सरकवेल, अशी दोघांनाही खात्री. ‘आणि मी?’ नारायणराव म्हणाले, ‘माझं शेवटचं वाचन, म्हणजे माप, राहिलं होतं. म्हटलं, एवढं घेतो आणि मग बघतो...’ वाचन घेतलं, सह्या झाल्या, चहा आला. तोवर आवाज थांबला होता. खोकड होतं. सकाळपासून ते पोहत राहिलं आणि आठ माणसं हातभर जमीन मोजत राहिली. सांगून झाल्यावर त्यांनी दशमीचा तुकडा मोडला आणि बारवेकडं पाहत म्हणाले, ‘हे बघा ग्रंथपाल, चारी बाजूंनी पायऱ्या. जो उतरंल त्याला परत वर यायचं असतंय, हे बांधणाऱ्याच्या ध्यानात होतं. आपण बोअर पाडतो, रिंगा टाकतो, मोटरा सोडतो... पायरी तेवढी विसरतो.’ त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण ते हेच.

गावात शिरलं की पहिली अडचण शिडीची नसे, साहेबांची असे. मोजणीदार रविवारी, साध्या शर्टात, दोर घेऊन विहिरीत डोकावतोय म्हणजे नक्कीच काहीतरी शिजतंय. पाच मिनिटांत माणसं जमत. ‘रस्ता जायलाय का साहेब हितून?’ ‘कालवा काढायलेत का?’ नारायणराव सांगत की ही जनावरांसाठी शिडी आहे. लोक मान हलवत आणि त्यातलं अक्षरही खरं मानत नसत. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘खरं सांगा, पाणी किती हाय ते सरकारला कळवायलात ना?’ मग चहा यायचा, आणि चहामागून हमखास विनंती यायची: ‘आलाच आहात तर तेवढा धुऱ्याचा दगड बघून जा की.’ यावर नारायणरावांची एक ठरलेली पद्धत होती. रविवारी ते धुऱ्याकडं पाठ करून उभे राहत. अक्षरशः. शिडी बांधताना दगड समोर येत असेल तर विहिरीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जात. ‘बघितलं की मोजल्यासारखं होतंय,’ ते म्हणत.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. शिडी दोन उन्हाळे टिकते. ऊन नायलॉनला पांढरं करतं, हात लावला की भुगा निघतो. बांबू पाण्यात कुजतो, डबे फुटतात. म्हणजे दर दोन वर्षांनी नवी शिडी, आणि ती करायला परत नारायणरावच. ज्याच्या विहिरीत ती असे तो शेतकरी कौतुकानं म्हणे, ‘साहेबाची शिडी हाय.’ दोर तुटायला आला तरी तो कौतुकच करत राही, कारण शिडी साहेबाची. साहेब येतील, बघतील. एकदा परतताना दुचाकी थांबवून ते म्हणाले होते, ‘जोवर लोक साहेबाची म्हणतात ना, तोवर माझं काम झालेलं नाही. मी गेलो की दोन उन्हाळ्यांत सगळं पाण्यात.’ मी म्हटलं, ‘मोठमोठी साम्राज्यं एवढीही टिकलेली नाहीत.’ ते हसले, पण अर्धंच.

एका गावानं तर त्यांचा सत्कारच केला. गुलाबांच्या चौकटीतला तो फेट्याचा फोटो तिथलाच. विहिरीपेक्षा मोठा फलक लागला होता, शिडीला झेंडूच्या माळा होत्या आणि तिचं ‘लोकार्पण’ झालं. फीत कापल्याशिवाय खोकडानं वर येऊ नये अशी बहुधा अपेक्षा असावी. प्रमुख पाहुणे पृथ्वीच्या तापमानावर पाऊण तास बोलले, आणि तेवढ्या वेळात मंडपातलं तापमान त्यांनी स्वतःच बरंच वाढवलं. नारायणराव शाल, श्रीफळ आणि फेटा या तिन्हींखाली दबून बसले होते. दोन महिन्यांनी आम्ही पाहायला गेलो तर विहिरीत शिडी नाही. सरपंचांनी मोठ्या उत्साहानं ग्रामपंचायतीचं कपाट उघडून दाखवलं. आत शिडी नीट गुंडाळून, पांढऱ्या कापडात बांधून ठेवलेली. ‘पावसात खराब हुईल म्हणून काढून ठिवली साहेब. एवढी चांगली वस्तू!’ नारायणरावांनी शिडी काढून परत विहिरीत सोडली. परतीच्या वाटेवर मात्र जिंतूरपर्यंत हसत होते, इतके की दुचाकी दोनदा रस्त्याच्या कडेला गेली.

आणि एका गावानं त्यांची तक्रार केली. हे गाव जिंतूर तालुक्यातलंच. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वर्तमानपत्र वाचतात. तिथे दोन भावांच्या शेतांमध्ये, बरोबर धुऱ्यावर, वडिलार्जित सामाईक विहीर आहे. थोरले किसनराव घरची शेती करतात. धाकटा ज्ञानोबा दसरा झाला की बायकोसह ऊसतोडीला जातो आणि उन्हाळा लागता लागता परततो. भावाभावांत बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर किसनरावांच्या बायकोच्या, रुक्मिणबाईंच्या, तोंडून. मग समोरचा दहा पावलांवर उभा असला तरी. नारायणराव गेले तेव्हा ज्ञानोबा तोडीवर होता. किसनरावांनी होकार दिला आणि शिडी त्यांच्या बाजूच्या बाभळीला बांधली गेली, कारण विहिरीजवळ झाड तेवढं एकच. कुणीतरी फोनवर फोटो काढला: विहीर, शिडी, बाभळीपाशी किसनराव आणि त्यांच्या शेजारी सरकारी मोजणीदार. हा फोटो फिरत फिरत उसाच्या फडात ज्ञानोबापर्यंत पोचला. त्यानं त्याचा अर्थ लावला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच लावला असता. तक्रार अशी की, ‘माझ्या गैरहजेरीत मोजणीसाहेबांनी विहिरीत शिडी सोडून विहीर भावाच्या ताब्यात दिली.’

तक्रार गेलेली आम्हाला माहीत नव्हती. त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही त्या विहिरीवर होतो, आणि बांधावरून ज्ञानोबा आला. हातात उसाचा कोयता. खास त्यासाठी रात्रभर गाड्या बदलत आला होता.

‘साहेब, ही शिडी कुणाची?’

‘खोकडाची,’ नारायणराव म्हणाले.

‘खोकडाच्या नावानं सातबारा हाय का?’

‘नाही.’

‘मंग? बाभळ तेची. दोर बाभळीला. शिडी दोराला. अन् शिडीखाली विहीर. म्या शिकेल न्हाई, पर एवढं कळतंय मला.’

मी तर्कशास्त्राची बरीच पुस्तकं कपाटात लावली आहेत. यात बोट ठेवायला जागा नव्हती.

‘मग तुमच्या बाजूनं बांधू?’ नारायणराव म्हणाले.

‘बांधा. खुंटा ठोकून देतो.’

पलीकडून किसनरावांचा आवाज आला, ‘रुक्मिणी, तेला म्हणावं, खुंटा ठोकायचा आसंल तर आधी मोजणी आण.’

‘वैनी, तेंला म्हणावं, मोजणी हितंच उभी हाय की!’

रुक्मिणबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन मध्ये उभ्या होत्या. ‘ऐकू आलं का दोघांला?’ त्या म्हणाल्या, ‘का म्या परत सांगू?’

दोघांनी नारायणरावांकडं पाहिलं. नारायणराव धुऱ्याकडं पाठ करून उभे होते. ‘आज रविवार आहे,’ ते म्हणाले. ज्ञानोबानं एका घावात दोर तोडला. शिडी डब्यांसकट पाण्यात आपटली. मग तो खाली बसला आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, ‘म्या सा सा महिने भाईर असतो साहेब. माघारी यिऊन बघतो तर काय काय ग्येलेलं असतंय... तुमाला काय ठाव.’ आम्ही दुचाकी काढली आणि परत फिरलो. जिंतूर आल्यावर नारायणराव म्हणाले, ‘त्याचं चूक नाही हो. फोटोत मी उभा होतो ना. मी कुठं उभा राहिलो की लोक तिथून रेघ ओढतात, हे मलाच कळायला पाहिजे होतं.’

ऑफिसनं खुलासा मागितला. नारायणरावांनी एका वाक्यात दिला: सदर शिडी हा मालकीचा पुरावा नसून ती जनावरांसाठी आहे. वरिष्ठ भला माणूस. हसला, आणि प्रकरण वाढू नये म्हणून म्हणाला, पुन्हा त्या विहिरीवर जाणार नाही एवढं लिहून द्या. नारायणरावांनी लिहून दिलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. मी म्हटलं, ‘आता तुम्ही कुणाचे नोकर नाही, चला.’ ‘लिहून दिलंय,’ ते म्हणाले. सरकारी कागदावर लिहून दिलेलं निवृत्तीनंतरही पाळणारा माणूस माझ्या पाहण्यात हा एकच. बाकी सगळीकडे ते जात राहिले. त्या एका वाटेला पुन्हा गेले नाहीत. मनातून मात्र ती विहीर गेली नव्हती. पाऊस लांबला, विहिरी उघड्या पडल्या की म्हणत, ‘तिथं काय होत असंल?’

ते जाण्याच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या घरी गेलो होतो. ओसरीवर सहा-सात शिड्या अर्धवट पडलेल्या, आणि हे मध्ये बसून बांबू तासत होते. दम लागत होता, पण ते कबूल करत नव्हते. म्हणाले, ‘ग्रंथपाल, तुम्ही काही लिहून दिलेलं नाही. एकदा त्या धुऱ्यावरच्या विहिरीवर जाऊन या. काही करू नका, नुसतं बघून या.’ मी म्हटलं, जाईन की. कधी, ते मीही बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही... वहिनींनी चहा आणला आणि विषय बदलला.

त्यामुळे शोकसभेनंतरच्या रविवारी मी जिंतूरवरून पुढं जाणारी एस.टी. धरली. दुचाकी चालवायला मी कधी शिकलोच नाही; मागं बसण्यातच माझं निभावलं. वाटेत सत्काराचं गाव लागतं, म्हणून उतरलो. कपाटातून काढून नारायणरावांनी परत सोडलेली शिडी विहिरीत होती. म्हणजे वरचा हातभर दोर होता, बाकीचं पाण्यात. फलक मात्र शाबूत होता. मनाची तयारी होईल एवढं ते पुरेसं होतं. जिथं शाल दिली तिथं ही गत, तर जिथं कोयता चालला तिथं काय असणार! पुढच्या फाट्यावर एका मोटरसायकलवाल्याला हात केला आणि त्या धुऱ्यावर पोचलो.

विहिरीत दोन शिड्या होत्या. एक बाभळीला बांधलेली, दुसरी समोरच्या बाजूला, मनगटाएवढ्या सागवानी खुंट्याला. दोन्हींचे दोर नवे. दोन्हींच्या खाली फळ्या, आणि एका फळीवर एक बेडूक, मालकीच्या वादात न पडता.

ज्ञानोबा तोडीवरून नुकताच परतला होता. मला ओळखून जवळ आला. मी काही विचारण्याआधीच त्यानं बाभळीच्या शिडीकडं बोट दाखवलं. ‘म्या तोडलेली तेनं वर काढली, जोडली अन् परत बांधली. आता शिडी बाभळीला म्हणल्यावर विहीर बाभळीची. मंग म्या खुंटा ठोकला, माझी बांधली.’

‘आणि मोजणी?’

‘मोजणी कशाला? तेची हाय, माझीबी हाय. पर कुजू द्यायची न्हाई. कुजली की सोडली म्हणतेत लोक. दर साली पाडव्याला नवा दोर.’

‘तुम्ही दोघंही?’

‘तेनं बदलला की म्या बदलणारच की.’ मग इकडं तिकडं पाहून म्हणाला, ‘साहेब कामून आले न्हाईत? आमी वाट बघायलोत. तीन खोकडं, एक घोरपड, अन् मांजराचा तर हिशोबच न्हाई. तेंला दाखवायचं व्हतं.’

मी सांगितलं. कधी, कसं, तेही सांगितलं. आणि त्यांनी इथं न येण्याचं लिहून दिलं होतं, हेही तोंडून निघून गेलं.

‘कुणी घेतलं लिहून?’ ज्ञानोबानं विचारलं; आणि विचारता विचारताच त्याला स्वतःची तक्रार आठवली. बाभळीखाली किसनराव उभे होते, रुक्मिणबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. त्यांच्याकडं न पाहता ज्ञानोबा म्हणाला, ‘वैनी, तेंला सांगा. मोजणीसाहेब ग्येले.’

किसनरावांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, ‘रुक्मिणी, तेला म्हणावं, औंदा दोर बारीक आणलाय तेनं. उन्हानं तुटंल. माझ्याकडं जाड हाय एक, घिऊन जा म्हणावं.’

रुक्मिणबाईंनी या खेपेला निरोप पोचवला नाही. त्या विहिरीच्या कडेला आल्या, थोरल्याची शिडी हातभर वर ओढून मला दाखवली. दोन काड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गोणपाट शिवलेलं होतं, वाकळेला घालतात तसे दाट, तिरके टाके. ‘साहेब काड्यांला नुसतं गुंडाळायचे, वरून तार आवळायचे,’ त्या म्हणाल्या. ‘तार नखात अडकायची. अन् पिल्लू आसलं तर दोन काड्यांतून खाली पडायचं. म्या डोळ्यानं बघितलं. मंग शिवलं.’ मी समोरच्या शिडीकडं पाहिलं. तिथंही तेच टाके, तितकेच तिरके.

‘ती पण तुम्हीच...?’

‘हळू बोला,’ त्या म्हणाल्या. ‘दोघांलाबी ठाव हाय. पर कुणी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई.’ मग शेळीला ढकलत म्हणाल्या, ‘तेंच्या घरी राहिल्यात का आजून? आर्ध्या आसल्या तरी आणा. उन्हाळ्यात हाताला काम नसतंय.’

तेव्हापासूनचे तीन रविवार मी एस.टी.नं शिड्या रुक्मिणबाईंकडे नेतो आहे आणि शिवून झालेल्या गावोगावच्या विहिरींत सोडतो आहे. वहिनींच्या ओसरीवर आता दोनच उरल्यात, आणि वहिनी स्वतः बांबू तासायला बसल्यात. नारायणरावांपेक्षा काड्या सरळ येतात असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. माझ्या गाठी अजून सुटतात. गेल्या रविवारी सत्काराच्या गावी नवी शिडी सोडत होतो तर तोच जुना म्हातारा आला, सरकारला पाणी कळवण्याची शंका काढणारा. हे लेकीचं गाव, आता इथंच असतो म्हणाला. त्यानं शिडी हातात घेतली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, ‘साहेबाची शिडी आहे, बाबा.’

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘साहेबाचीला तार आसायची. माझ्या पुतण्याच्या विहिरीत ही आलीय की. ही रुक्मिणबाईची.’

नारायणरावांसाठी मी त्याला तेवढं एक वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणि शिडी पाण्यात सोडली.